अष्टमीची माती, पेणचा आकडा

साहेब, भट्टी तुम्ही जाळलीत आणि अंगठा धोंडुबाईचा मागता. वर टाइप करूनही पाठवलंत, 'कारागिरांच्या निष्काळजीपणामुळे भट्टी निकामी झाली.' अंगठा उठवला तर दुरुस्ती मंजूर, नाही तर भट्टी उचलून दुसऱ्या तालुक्याला.

धोंडुबाई रोह्याजवळच्या अष्टमीच्या कुंभारवाड्यातली. चाळीस वर्षं तिनं शेणी आणि भाताच्या तुसावर मडकी भाजायचा आवा लावला. जाळाचा रंग बघायचा आणि माती पिकली की कच्ची ते सांगायचं, एवढंच तिचं शिक्षण. मग तुमच्या कचेरीकडून विजेची भट्टी आली. सोबत मडक्यांना चकाकी देणाऱ्या ग्लेझची पोती, भिंतीला लावायचं एक कार्ड, 'तापमान १२००', आणि भट्टी चालवायला प्रविण नावाचा कंत्राटी माणूस.

"बाराशे लय होतं रे. आपली माती नदीकाठची, तांबडी. एवढा जाळ तिला सोसायचा नाय," धोंडुबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं.

प्रविण भला माणूस. त्यानं हजारावर बंद केली. मडकी खणखणीत निघाली, पण ग्लेझ वितळलंच नव्हतं. बोट फिरवलं की पांढरं पीठ. त्यानं पेणला तुमच्या कचेरीत फोन लावला. तिकडून उत्तर आलं, कार्डावर आहे ते करा, डोकं चालवू नका.

दुसऱ्या खेपेला धोंडुबाई भट्टीच्या भोकाला डोळा लावून बसली. आतला जाळ केशरी झाला. तिनं मान हलवली. केशरीचा पिवळा व्हायला लागला तशी ती उठली.

"बंद कर! आता माती बसणार."

"मावशी, मीटर अकराशेवीस दाखवतंय. अजून ऐंशी बाकी हायत."

"मीटरला माती दिसते काय रे?"

"माझं कंत्राट मार्चपर्यंतच हाय, मावशी," प्रविण म्हणाला, आणि त्यानं बटणाला हात लावला नाही.

दोन दिवसांनी दार उघडलं. छत्तीस मडकी गुळाच्या पाकासारखी ओघळून एकमेकांना चिकटली होती. आतल्या फरशा गेल्या, तारा गेल्या. धोंडुबाई ओसरीवर जाऊन भिंतीला टेकली.

मग तो कागद आला. सून दर्शना म्हणाली, "आई, अंगठा देऊन टाका. भट्टी तरी राहील. किती भांडायचं?"

"पेणला जाऊन देते," ती म्हणाली. गुडघे दुखत होते. रोह्याहून एसटीत उभ्यानं गेली, वितळलेल्या मडक्याचा एक गोळा पिशवीत घालून. सोबत दर्शना.

कचेरीत दोन तास बसवल्यावर कारकुनानं फाईल उघडली आणि शाईचा डबा पुढं सरकवला. धोंडुबाईनं अंगठा डब्यावर टेकलासुद्धा. इतकी ती दमली होती. तेवढ्यात फाईलवर वाकलेली दर्शना थांबली.

"आई, हितं लिवलंय, मातीचा नमुना, मूर्तिशाळा, पेण."

"कुठली मूर्तिशाळा?" धोंडुबाईनं विचारलं.

"ही काय, मागच्या गल्लीतली," कारकून म्हणाला. "साहेबांना घाई होती. रोह्याला कोण जाणार? तिथलीच पिशवी भरून लॅबला पाठवली. कार्डावरचा बाराशे त्यावरूनच आला."

"अहो, ती शाडू! परराज्यातनं ट्रकनं येते. तिचा गणपती करायचा, रंगवायचा नि पाण्यात सोडायचा. तिला जन्मात कोण भाजत नाय!"

"माती ती माती, आजी. करा अंगठा."

धोंडुबाईनं शाईचा अंगठा लुगड्याला पुसला. गोळा काढून टेबलावर फाईलशेजारी ठेवला.

"दर्शने, अंगठ्याच्या रेघेच्या वर लिव गो. मी सांगते तसं."

कारकून नको नको म्हणत राहिला, दर्शना लिहीत राहिली. लिहिलं ते एवढंच आहे, साहेब, आणि ते तुमच्याच फाईलमध्ये आहे.

'अष्टमीची माती बाराशेला टिकते हे कोणी, कोणत्या तारखेला तपासलं? नाव लिहून द्या. अंगठा त्यानंतर.'

पंधरवडा उलटला. भट्टीला कुलूप आहे, धोंडुबाई वाट बघतेय. नाव कुणाचं लिहिताय, साहेब?