ओल्या पोत्याखालचा कंट्रोलर

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. भंगार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तळहाताएवढा माझा पत्र्याचा डबा आणि त्यावर दोन स्क्रू: एक पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा, दुसरा ठिणगी कधी पाडायची ते ठरवणारा. कंपनीतून आली तशीच चालणाऱ्या गाडीला मी लागत नाही. इंजिनाची ताकद वाढवली, की मात्र माझ्याशिवाय पान हलत नाही.

भातकुलीच्या गीतांजलीने आपल्या जुन्या गाडीला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवला आणि अमरावतीच्या एका गॅरेजातून मला आणलं. घरची मेथी-वांग्यांची शेती. विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज ऐकत वाढलेली पोरगी ती! इंजिन आतून ठोकू लागलं, की तिला लगेच कळायचं. मग माझा स्क्रू ती केसभर मागे घ्यायची. तीन वर्षं मातीतल्या शर्यतींत मी तिला कधी दगा दिला नाही. लोक बॉनेटमध्ये डोकावून माझं कौतुक करायचे, आणि मला ते आवडायचं, उगीच कशाला खोटं बोलू?

मग गेल्या वैशाखात सराव करताना गाडी शेताच्या बांधाशी, धुऱ्याजवळ बंद पडली ती पडलीच. तिचे बाबा भगवंतराव वैतागले. अकोल्याच्या शर्यतीत पुन्हा बंद पडली तर टर्बो काढायचा आणि गाडी भाजी वाहायला लावायची, असं त्यांनी बजावलं. दोष माझ्यावर आला. मला उपटून भंगार म्हणून फवारणीच्या पंपाशेजारी फळीवर टाकलं. का बंद पडलो, हे एकानेही विचारलं नाही. आदल्या दुपारी उघड्या बॉनेटखाली माझ्यावर ओलं पोतं टाकलं होतं आणि त्याचं पाणी माझ्या जोडणीत झिरपलं होतं. हात कोणाचा ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे? तिथे मी नुसता जळत राहिलो.

गीतांजली नवा कंट्रोलर घ्यायला अकोल्याला निघाली. तारा जुळवायला नमुना म्हणून मलाही पिशवीत घातलं. दुकानदार शेखरने चकचकीत डबा पुढे केला. सगळं तयार भरलेलं, मोबाइलवर दिसणारं. वाईट नव्हता तो, पण त्याच्या सेटिंगला कुलूप होतं.

"शेखरभाऊ, उन्हात इंजिन ठोकू लागलं तं मले स्वतःले हे बदलता येते काय?"

"तू काहून हात लावतं? गाडी इकडं आण, लॅपटॉपवर करून देतो."

शर्यत काय लॅपटॉपची वाट पाहत थांबते? तिने पिशवीतून मला काढून तिथेच उघडलं. पिना हिरव्या पडलेल्या, आणि एकीला तागाचा धागा चिकटलेला. ती त्या धाग्याकडे बघत राहिली. नवा डबा तिने परत केला. घरी येऊन माझ्या पिना घासल्या, मला कडकडीत वाळवलं आणि पुन्हा जागेवर बसवलं.

शर्यतीच्या दिवशी अकोल्याचं ऊन नुसतं भाजत होतं. पहिल्या फेरीनंतर इंजिन ठोकू लागलं. पुढची फेरी सुटण्याआधी गीतांजलीने ठिणगीचा स्क्रू थोडा मागे घेतला आणि पेट्रोल जरा वाढवलं. वेग कमी झाला, नंबर पाचवा आला. येऊ द्या. गाडी एकदाही बंद पडली नाही.

शर्यत संपली, बॉनेट उघडलं, तर सवयीने भगवंतराव ओलं पोतं घेऊन हजर! गीतांजलीने पोत्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्यांचा हात तिथेच थांबला.

"म्याच टाकलं होतं," ते हळू म्हणाले. "भाजी कोमेजते ना उन्हानं. म्हटलं, हे बी कोमेजन."

मला किती राग होता त्या माणसावर! तो तिथेच विरघळला.

गीतांजलीने पोतं घेतलं आणि पाण्याच्या कॅनवर टाकलं. "हे कोमेजत नाही, बाबा. याले फक्त कोरडं ठेवा."

म्हणून सांगतो मित्रांनो, माया करा, पण कोणाला काय लागतं ते विचारून करा. आणि बंद पडलेल्याला फळीवर टाकण्याआधी एकदा उघडून बघा. टर्बो अजून गाडीतच आहे. भाजी रिक्षाने जाते. आणि मी, भंगार म्हणवलेला, रोज बॉनेटखाली ठिणगी पाडतो आहे.