आखाजीची सहल

आखाजी जवळ आली की धुळ्यातल्या सासुरवाशिणींचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. भाजीत मीठ दोनदा पडतं, आणि शहाण्या सासवा ते मुकाट्यानं खातात. खानदेशात दिवाळी सगळ्यांची, पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींची. भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो, मग माहेरी सांजोऱ्या, आमरस, निंबाच्या फांदीला बांधलेला झोका, आणि चार दिवस कुणाचीही सून नसणं.

दिपमालाचं माहेर पारोळ्याचं. ते काही सातासमुद्रापार नाही, एसटीत बसून तिकीट काढेपर्यंत अर्ध्या वाटेवरची मुकटी येते. मनात आलं तर ती एकटीही गेली असती. पण मुराळ्याशिवाय आखाजीला जायचं नसतं. न बोलावता दारात उभी राहिली तर ती लेक कसली! तिची मुलगी भाविका सातवीत गेली तरी भावानं, हितेंद्रनं, एकही आखाजी चुकवली नव्हती. वडील, आबा, गेल्यावर तर तो आल्याशिवाय दिपमाला पिशवीसुद्धा भरायची नाही, इतका तिला त्याचा भरवसा.

यंदा मात्र त्याचा फोन आला.

"अक्का, यंदा आखाजीले नको येऊ. मायनी तब्येत बरी नही शे. डॉक्टरनी आराम सांगेल शे."

"मग तर मी येसूच ना. मायनी सेवा कोण करी?"

"कामिनी शे ना," त्यानं बायकोचं नाव पुढे केलं. " तू उनी की माय उठी बसस, रांधाले लागस. तुले म्हाईत शे तिन्हा सभाव."

त्यानं फोन आईकडे दिला. इंदिराबाई कण्हल्या, "गुडघा लई दुखस वं बेटा. पुढला साल ये." मग पुन्हा कण्हल्या. फोन ठेवून दिपमाला रडली. त्या दिवशी तिनं देवापुढे आईच्या गुडघ्यासाठी वेगळा दिवा लावला.

तिचा उतरलेला चेहरा नवऱ्याला बघवेना. ज्ञानेश्वरचं पाइपांचं दुकान, सुट्टी घेणं म्हणजे त्याला दाढ काढण्यासारखं. पण तो आपणहून म्हणाला, "चल, अहमदाबादला जाऊ. भाविकाला ते अवकाश केंद्र दाखवू."

खरं तर ही कल्पना दिपमालाचीच. दिवाळीत माहेरच्या अंगणात तिनंच सगळ्यांपुढे मांडली होती. आधी वॉटर पार्क, मग अवकाश केंद्र, आणि आईला रॉकेटखाली उभं करायचं, कारण इंदिराबाईंना रॉकेट टीव्हीवर वर जाताना दिसलं की त्या हात जोडायच्या. तेव्हा हितेंद्रनं फार चौकशी केली होती. कुठून जायचं, कुठे उतरायचं, आधी काय बघायचं, सगळं विचारून घेतलं होतं. भावाला किती हौस, म्हणून दिपमाला सुखावली होती. आता आईशिवाय जायचं तिच्या जिवावर आलं, पण पोरीकडे बघून ती निघाली.

पहिल्या दिवशी वॉटर पार्क झालं. ज्ञानेश्वर घसरगुंडीच्या मध्यावरच अडकला आणि मागून आलेल्या एका जाड्या काकांनी त्याला खाली पोचवलं. भाविका हसून लोळली, दिपमालाही हसली. हसली आणि लगेच ओशाळली. माय तिकडे खाटेवर कण्हतेय आणि आपण इथे पाण्यात डुंबतोय! तिनं ओल्या हातानं फोन लावला.

"कशी शेस, माय?"

"खाटवर पडेल शे वं," इंदिराबाई म्हणाल्या. मागे शिट्ट्या, गाणी, पोरांचा कल्ला.

"एवढा आवाज कसाना?"

"टीव्ही चालू शे."

दिपमालाला ते पटलं. आई खोटं बोलेल हे तिच्या मनाला शिवलंच नाही.

दुसरा दिवस आखाजीचा. अवकाश केंद्रात उपग्रहांच्या प्रतिकृती बघता बघता भाविकानं प्रश्न विचारून बापाला हैराण केलं. शेवटी तिघं बाहेरच्या आवारात आले. तिथे ते पांढरं रॉकेट उभं होतं आणि त्याच्या चौथऱ्याच्या पायऱ्या एक बाई भराभर चढत होती. पायात नवे कोरे बूट, हातात वेफरची पुडी.

"आजी!" भाविका ओरडली.

इंदिराबाई वळल्या. वेफर तोंडातच राहिला.

"वं माय! तू आठे कशी?"

हा प्रश्न खरं तर दिपमालानं विचारायचा. ती आईच्या गुडघ्यांकडे बघत राहिली. चौथऱ्यामागून हितेंद्र आला, त्याची बायको कामिनी आली, कामिनीचे आईवडील, तिची बहीण, बहिणीचा नवरा, पोरं. सगळं लटांबर आलं.

हितेंद्रनं खालमानेनं सांगितलं, "गाडीमा जागाच नव्हती, अक्का. कामिनीना घरना बठ्ठा उनात. तुले वाईट वाटी, म्हनीसन सांगं नही."

"आबानी घागर कोणी भरी?"

आखाजीला पितरांची घागर भरतात, घरच्या मुलानं भरायची. हितेंद्रनं मान खाजवली. "परवाच भरी लिधी, निघाना आधी."

"आखाजी आज शे, हितू."

कामिनीच्या आईनं प्रसंग सावरायला म्हटलं, "बरं झालं बाई, भेट तरी झाली."

दिपमालाला भावाचा संताप आलाच. तिचीच सहल त्यानं तिच्या पाठीमागे उचलून नेली होती. पण भाऊ बायकोच्या माहेराकडे झुकतो, त्यात नवल नाही. तिला आत चिरत गेलं ते आईचं कण्हणं. इतकं हुबेहूब! ते ऐकून आपण रडलो, दिवा लावला. आणि आईनं फोन ठेवून बॅग भरली असणार. मुराळी आला नाही तर ही पोरगी येणार नाही, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं. तिचा मानीपणा वापरूनच त्यांनी तिला धुळ्यात डांबून ठेवलं होतं.

"माय, तुले मी नको व्हतू का?" तिनं हळूच विचारलं.

इंदिराबाईंनी पदर सारखा केला. "असं नको म्हनू वं. माले तठेच ऱ्हानं शे ना, त्यास्नासंगे. हितू म्हने तसं कराले लागस."

हे खरंच होतं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. ज्ञानेश्वर काही बोलायला पुढे झाला, तिनं डोळ्यांनीच त्याला थांबवलं.

मग हितेंद्रनं खिशातून फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. त्याच्या मनात खोट नव्हती, त्याला फक्त तो अवघडलेपणा सहन होत नव्हता.

"अक्का, आमना एक फोटो काढ ना. सकायपाईन फोटोमाईन कोणी ना कोणी सुटी जास. आते बठ्ठा येतीन."

ते लगबगीनं रॉकेटखाली उभे राहिले. इंदिराबाई मधोमध, एका बाजूला व्याही, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. भाविका आजीकडे धावली. दिपमालानं तिचं मनगट धरलं.

"थांब. आपण काढणारे."

तिनं फोन वर धरला. बटणावर अंगठा ठेवला, पण दाबला नाही. वाट बघितली. आईनं नुसतं 'ये' म्हणावं, हातानं खुणावलं तरी चालेल. उन्हानं पडदा नीट दिसत नव्हता, तरी आईचा चेहरा तिला दिसत होता. इंदिराबाई फोनकडे बघून हसत उभ्या होत्या.

"काढ ना वं लवकर," त्या म्हणाल्या, "ऊन लागस."

दिपमालानं काढला.