आईंनी उसवलेली काजं

माझा नवरा शिंपी. कोटाची काजं मशीनवर मारणं त्याला पाप वाटायचं. तो ती हातानं करायचा, गव्हाच्या दाण्यांसारखी टपोरी. मग बोटांचे सांधे सुजले, आणि त्याच सुमारास तो बोलायचाही थांबला. आता सुजेची एक गोळी आणि मनाची एक.

"हात बंद पडले म्हणून पोरगं खचलं," सासूबाई डॉक्टरबाईंना म्हणाल्या. "हात चालले की मन येईल ताळ्यावर."

"आई, उलटंही होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अंगात सूज असली की काहींचं मन त्या सुजेनंच खाली जातं. सगळ्यांचं नाही. पण यांचं तसं दिसतंय. म्हणून बोटं आखडली की मला खरंखरं सांगायचं."

आईंनी त्यातलं 'हात' एवढंच ऐकलं. घरी येताच त्याच्या पुढ्यात कोट टाकला.

तो सकाळी दुकानात बसून काजं करायचा आणि जेवून वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचा. संध्याकाळी कोट हातात घेतला की बघतच राहायचा. "मी केली ही?"

"नाहीतर काय शेजारणीनं?" आई म्हणायच्या. त्या स्वतः शिंपीणच, चष्म्याच्या वरून बघत बोलणाऱ्या.

एकदा तो यावर हसला. आमच्या छकुलीला मांडीवर घेतलं, तिच्या झबल्याची शिवण उलटून पाहिली आणि "कुणी शिवलं गं हे गबाळं?" म्हणाला. मीच शिवलं होतं. मला इतका आनंद झाला की रागवायचंही सुचलं नाही.

पुढच्या खेपेला त्यानं डॉक्टरबाईंना सांगितलं, हात सुधारलेत, काजं पहिल्यासारखी येतायत. त्यांनी सुजेची गोळी कमी केली.

त्यानंतर तो खालावतच गेला. दाढी राहिली, अंघोळ राहिली. छकुली रडून लाल झाली तरी मान वळवेना.

एका दुपारी मी तिचं दूध कोमट करायला खाली आले, तर आई दुकानाच्या मागच्या बाजूला कोट घेऊन बसलेल्या. त्यानं घातलेले वेडेवाकडे टाके ब्लेडच्या टोकानं उसवत होत्या. शेजारचं काज नुकतंच नव्यानं झालेलं.

"आई, हे काय?"

"हळू बोल, जागा होईल."

"रोज तुम्ही करता?"

"चार टाके घातले तर काय बिघडलं? हसलं होतं ना पोर? तूच पाहिलंस."

"आई, या काजांवरनंच डॉक्टरबाईंनी गोळी कमी केली."

त्यांना चटकन कळलं नाही. कळलं तेव्हा दाताखालचा दोरा तोडायचा राहिला, तसाच ओठातून लोंबत राहिला.

मी त्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. न सांगून चालणारच नव्हतं. आमटीत मीठ कमी पडलं तर वाद घालणारा माणूस; मला वाटलं आता आदळआपट करेल. मी ती करू दिली असती. त्यानं नुसतं बोटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं."

मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी गोळी पूर्ववत करायला सांगितली.

"आणि मन?" मी विचारलं.

"सूज उतरली की कदाचित येईल वर. वेळ लागेल. खात्रीनं नाही सांगू शकत."

मी फोन ठेवला, तरी कानाशी हात तसाच.

सकाळी आईंनी नवा कोट पसरला, खडूनं काजांच्या खुणा केल्या आणि जिन्यापाशी जाऊन हाक मारली, "ये रे राजा. कशीही कर. वाकडी कर. मी हात लावणार नाही."

उत्तर आलं नाही म्हणून मी वर गेले. तो जागा होता. छकुली त्याच्या छातीवर बसून त्याचं नाक ओढत होती, आणि तो ते ओढू देत होता, जणू नाक दुसऱ्याच कुणाचं आहे. मी त्याच्या बोटांना हात लावला. सुजेनं गरम होती.

"येतोस का खाली?"

त्यानं डोळे मिटले.

मी छकुलीला कडेवर घेऊन उतरले. आई सुईत दोरा ओवून बसल्या होत्या. "येतोय ना?" म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी बसले. कोटावर नुसत्या खडूच्या रेघा होत्या. उसवायलाही काही नव्हतं.