तीन पेनं

निळ्या पेनाने तिने सोमवारची सकाळ लिहिली, ११०. मग काळं पेन काढून दुपार लिहिली, १३५. रात्रीसाठी पर्सच्या तळाशी जेल पेन होतं. त्याचा खटका दाबून तिने १२० लिहिलं आणि आकडा मुद्दाम जरा तिरका काढला, झोपेत लिहिल्यासारखा. दवाखान्याच्या बाकावर तिच्यापुढे अजून अकरा नंबर होते आणि वहीत नऊ दिवस भरायचे राहिले होते. म्हणजे वेळ पुरणार होता.

निळ्या पुठ्ठ्याची वही दवाखान्यानेच दिलेली. दिवसातून चार वेळा बोट टोचायचं, मीटरवर साखरेचा जो आकडा येईल तो रकान्यात मांडायचा आणि महिन्याने डॉक्टरांपुढे ठेवायचा. टोचायची ती अजूनही, लिहिणं मात्र चार वर्षांपूर्वीच सोडलं होतं. बाराव्या वर्षी हा आजार मागे लागला. इन्सुलिनची पहिली सुई आईने रडत रडत टोचली होती. आता चौतिसाव्या वर्षी ती इतकी दमली होती की रात्री दिवा मालवायला उठायचंसुद्धा जिवावर येई. त्यात खरे आकडे लिहायचे म्हणजे रोज चार वेळा आपल्याच हाताने आपल्याला नापास करायचं. ते कोण करणार?

आज मात्र पास व्हायलाच हवं होतं. शिवणकामाच्या कारखान्यात ती कटर होती. कापडाचे वीस थर एकावर एक रचायचे, वर खडूने आखायचं आणि विजेच्या कात्रीने एका दमात कापायचं. दोन आठवड्यांपूर्वी सकाळी अकराच्या सुमाराला तिची साखर उतरली, आणि उतरणारी साखर आधी अक्कल घेऊन जाते. तिने चाळीस बाह्या कापल्या त्या सगळ्या डाव्या. मग टेबलाचा पाय धरून ती खाली बसली, आणि कात्री वर तशीच घरघरत राहिली. कुणीतरी गोड चहा पाजला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, असं तिने सांगून टाकलं. कारखान्याचे मास्तर दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "तब्येत ठीक आहे अशी डॉक्टरांची चिठ्ठी आण, मगच कात्रीला हात लाव."

कापणं ही एकच गोष्ट जगात तिला अशी येत होती की कुणी नाव ठेवू नये. आणि आजाराचं तर कारखान्यात कुणाला माहीतच नव्हतं. नोकरीला लागली तेव्हा आई म्हणाली होती, "झाकली मूठ सव्वा लाखाची." आठ वर्षं मूठ झाकलेलीच होती. दुपारचं इन्सुलिन ती संडासात कडी लावून घ्यायची.

"तिसरं," शेजारून कुणीतरी म्हणालं.

साठीचे एक गृहस्थ होते. जाड भिंगांचा चष्मा, हाताची घडी, तोंड समोरच्या भिंतीकडे.

"काय तिसरं?"

"पेन. पाच मिनिटांत तीन खटके ऐकले. त्यातल्या एकाची स्प्रिंग ढिली आहे."

तिने वहीवर तळहात ठेवला.

"झाकू नका. मला एवढं बारीक दिसत नाही. वाचून दाखवा."

तिने का वाचलं कोण जाणे. बहुधा त्या आवाजात दटावणी नव्हती म्हणून. "एकशे दहा. एकशे पस्तीस. एकशे वीस. एकशे पाच. एकशे तीस."

"पेनं बदलताय ते उत्तम," ते म्हणाले. "पण सगळे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर. मीटर इतकं गुळगुळीत बोलत नाही हो. मधेच एखादा एकशे सदतीस टाका. एका रात्री दोनशे अकरा टाका आणि शेजारी लिहा, पाहुणे आले होते. मी तर पानावर चहाचा डाग पाडायचो. वही ओट्यावर असते असं वाटायला नको?"

तिला हसू आलं. फार दिवसांनी आल्यामुळे ते नीट बाहेर पडेना, नाकातच अडकलं.

"तुम्हालाही हेच?"

"एक्केचाळीस वर्षं झाली."

त्यांनी हात पुढे केला. बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके होते, खसखस सांडल्यासारखे. तिने आपली बोटं त्यांच्याशेजारी धरली. बावीस वर्षांत तिने आपल्यासारखा दुसरा हात पाहिला नव्हता. आता पाहिला तर या वयात दवाखान्याच्या बाकावर रडायचं की काय, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

मग ती विचारत सुटली. बावीस वर्षं साठलेलं होतं. साखर उतरताना तुमच्या जिभेचं टोक बधिर होतं का? होतं. घामाला वेगळा वास येतो का? येतो. आणि राग?

"विचारू नकोस," ते म्हणाले. त्यांच्याकडून तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. "बायको साखरेचं पाणी घेऊन समोर उभी, आणि मी तिला ऐकवतोय की मला काही झालेलं नाही, तुलाच काहीतरी झालंय. पुन्हा भानावर आलं की माफी मागायची. अर्धा संसार माफी मागण्यात गेला."

तेवढ्यावर तिने चाळीस बाह्या सांगून टाकल्या.

ते दचकले नाहीत, हळहळलेही नाहीत. "सगळ्या डाव्याच?"

"सगळ्या."

"मी एकदा गिऱ्हाइकाच्या घड्याळात दोन तासकाटे बसवले होते. मिनिटकाटा नाहीच. आणि वर तावातावाने सांगतोय, घड्याळ बरोबर आहे, तुमचीच घाई फार."

या वेळी हसू नाकात अडकलं नाही. समोरची एक बाई मान वळवून बघू लागली.

"तुमचं घड्याळांचं दुकान आहे?"

"दुरुस्तीचं. होतं तसं अजून आहे, पण आता मी पट्टे आणि सेल बदलतो. केसाएवढ्या स्प्रिंगा दिसत नाहीत. साखरेने डोळ्यांत रक्त उतरलं." हवापाण्याबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. "माझी वही फार सुंदर असायची. डॉक्टर दुसऱ्या पेशंटांना दाखवायचे, बघा, याला म्हणतात शिस्त. खोट्या आकड्यांवर औषध मात्र खरंच मिळतं, बाई."

ते पुढे उपदेश करतील म्हणून तिने वाट पाहिली. बावीस वर्षांत एवढी सवय झाली होती. पण त्यांनी खिशातून बिस्किटाचा पुडा काढला, चाचपून एक बिस्कीट तिला दिलं आणि म्हणाले, "चिठ्ठी मिळेल तुला. वही चांगली जमलीय."

तेवढ्यात तिचा नंबर पुकारला.

डॉक्टरीणबाई तिच्याहून लहान असाव्यात. डोळ्यांखाली काळं होतं, टेबलावर चहा निवून साय धरलेला. त्यांनी वही उघडली, पानं उलटली, मग तीन महिन्यांच्या तपासणीचा कागद शेजारी ठेवला.

"वही छान आहे. पण हा रिपोर्ट म्हणतोय की साखर चढलेली असते. जुळत नाही हे." त्यांनी पेन उचललं. "सकाळचं इन्सुलिन दोन युनिट वाढवते. चिठ्ठी कसली हवी होती तुम्हाला?"

सकाळचं. अकरा वाजता जे तिला आडवं पाडत होतं तेच. आणि तिने मघाशी लिहिलेल्या आकड्यांत ते उतरणं कुठेच नव्हतं. चिठ्ठीचं पॅड डॉक्टरीणबाईंच्या कोपराजवळच होतं. गप्प बसलं तर दोन मिनिटांचं काम होतं.

तिने पर्समधून मीटर काढलं. दरवेळी ती ते घरी राहिलं म्हणून सांगायची.

"यातले बघा," ती म्हणाली. "वहीतले नका बघू."

डॉक्टरीणबाई बटण दाबत मागे मागे गेल्या. अठ्ठेचाळीस. तीनशे सहा. एक्कावन्न. दोनशे ब्याण्णव. अकरा वाजता साखर तळाला, आणि मग घाबरून जे हाताला लागेल ते खाल्लं की एक वाजता आभाळाला. तिने तेही सांगितलं, बाह्यांसकट. सांगताना तिचं सगळं लक्ष चहावरच्या सायीकडे होतं.

बोलणी बसली नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मिटलेली वही बाजूला सारली, सकाळचं इन्सुलिन वाढवायच्या ऐवजी कमी केलं आणि एका कागदावर लिहून दिलं, पंधरा दिवस रोज साडेदहाला तपासणे.

"कात्रीची चिठ्ठी आज नाही देता येणार," त्या म्हणाल्या. "मला द्यायची आहे. पण आज नाही."

बाहेर व्हरांड्यात उभं राहून तिने मास्तरांना फोन लावला. आठ वर्षांची मूठ उघडायला पुरतं एक मिनिटही लागलं नाही. पलीकडे शिलाई मशिनींची घरघर ऐकू येत राहिली.

"तुला हे आधी सांगता येत नव्हतं?" मास्तर म्हणाले.

"नव्हतं."

"हं. कात्रीवर दुसऱ्याला घेतो मग. तू काजं-बटणं कर. पंधरा दिवसांनी काय ते बघू." आणि फोन ठेवला.

काजं-बटणं. नवीन पोरींना पहिल्या महिन्यात देतात ते काम. ती बाकावर येऊन बसली. घड्याळवाले काका होते तिथेच होते.

"चिठ्ठी?"

"नाही मिळाली. मीटर दाखवलं."

त्यांनी मान हलवली. शाबासकी नाही की सांत्वन नाही. ते थोडे सरकले, तिला पाठ टेकायला भिंत मिळेल एवढेच.

"बटणं लावायला बसवलंय मला," ती म्हणाली.

"मला पट्टे."

दोघं तशीच बसून राहिली. बरं वाटत होतं असं नाही, पण पहिल्यांदाच कुणापुढे बरं असल्याचं सोंग करावं लागत नव्हतं. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, तिच्यामागचे पाच-सहा नंबर होऊन गेले तरी यांना कुणी हाक मारली नव्हती.

"तुमचा नंबर कितवा?"

"माझा शुक्रवारी असतो."

आज मंगळवार होता. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. पंख्याचा आवाज, चपलांचा आवाज, बाळाची किरकिर.

मघाशी हसताना वळून बघणारी समोरची बाई आता खाली वाकली होती. मांडीवर तीच निळ्या पुठ्ठ्याची वही. तिने एक पेन दातात धरलं होतं आणि दुसरं पर्समध्ये शोधत होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "समोर. दोन पेनं."

"टोपणाची असतील. खटका नाही ऐकू आला." त्यांनी मान उचलून त्या दिशेने पाहिलं, मग डोळे मिटले. "मला एवढ्या लांबचं दिसत नाही."

कारखान्यात दीडला पोचायचं होतं, पावणेदोन झाले होते. उठायचं त्राण नव्हतं. तिने उरलेलं अर्धं बिस्कीट खाल्लं, हात झटकले, पर्स खांद्याला अडकवली आणि समोरच्या बाकावर जाऊन त्या बाईच्या शेजारी बसली.

बाईने वहीवर तळहात ठेवला.

"मंगळवारनंतर तुम्ही गुरुवार लिहिलाय," ती म्हणाली, आणि आपला ठिपक्यांचा हात उताणा करून दोघींच्या मधे ठेवला.