आठवा छर्रा

आधीच सांगून टाकते, मला राग लवकर येतो. घरचे म्हणतात, नाकावरच असतो. असू दे. पण त्या तीन आठवड्यांत जे झालं ना, ते एखाद्या गरीब गायीच्या वाट्याला आलं असतं तरी तिनं पाना उचलून भिरकावला असता.

आमचं गॅरेज फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. सुरू केलं माझ्या सासऱ्यांनी. लग्न होऊन आले तेव्हा गाडीत पेट्रोल कुठून घालतात एवढंच मला ठाऊक होतं. बाकी सगळं त्यांनीच, म्हणजे बाबांनी, शिकवलं, तेही ओरडून. नवरा ट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो. धाकटे दीर सुटे भाग मागवणं आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं बघतात, कारण ते दुसरं काम माझ्याच्यानं होत नाही.

तीन महिन्यांपूर्वी बाबा स्टुलावरून पडले. मणका दबला, ऑपरेशन झालं, पायांतली ताकद गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीच्या व्यायामाला आणा. येत्या दोन महिन्यांत पाय कामाला लागले तर लागले, नाहीतर चाकाची खुर्ची कायमची. बाबा दोनदा गेले आणि तिसऱ्या वेळी शर्टाची बटणं लावता लावता थांबले.

"मी येणार नाही."

"का?"

"गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दणका देते. मणक्यात सुरी फिरल्यासारखं होतं."

गाडी त्यांचीच होती, लांब पाठीची, त्यांनी जिवापाड जपलेली. दणका खराच होता. तिसरा गिअर पडायच्या आधी इंजिन क्षणभर मोकळंच ओरडायचं आणि मग धप्प! मी म्हटलं, टॅक्सीनं जाऊ. तर म्हणे, परक्याच्या गाडीत चढता येत नाही. दिरांची गाडी? फार बुटकी. माझी पिकअप? ती तर खडीवरून फरफटत नेल्यासारखी चालते, हे मलाही कबूल होतं. मग मी म्हटलं, ठीक आहे, तुमच्याच गाडीचा दणका काढते. सुनेनं गिअरबॉक्स शिकून उपयोग काय मग?

दणका काढायचा तर शिफ्ट किट बसवायचं. म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटात जी वॉल्व्ह बॉडी असते, ॲल्युमिनियमचे नुसते गल्लीबोळ, त्यातून तेल कुठे किती जोरानं जायचं ते ठरतं. किटमध्ये नव्या स्प्रिंगा येतात, भोकं पाडलेला नवा पत्रा येतो आणि काय ठेवायचं, काय काढायचं याचा कागद येतो. एवढंसं पाकीट, पण डोकेदुखी पोतंभर.

पहिलं भांडण किट निवडण्यावरूनच. काउंटरवर कॅटलॉग उघडून दीर म्हणाले, "वहिनी, कडक किट घेऊ. गिअर खटकन बसेल, क्लच दहा वर्षं बघायला नको."

"भाऊजी, मागच्या सीटवर तुमचे वडील बसणार आहेत. शर्यत लावायची नाहीये."

"अहो, पण मऊ किटमध्ये क्लच घसरतात."

"घसरू देत. क्लच मला बदलता येतात, मणका येत नाही."

मऊ किट मागवलं. नऊ दिवसांनी आलं, उघडून पाहते तर पत्रा भलत्याच वर्षीच्या गिअरबॉक्सचा! मी कपाळावर हात मारून घेतला. दिरांनी वर्ष चुकीचं लिहिलं होतं आणि वर मलाच विचारत होते, "दोन्ही सारखेच दिसतात ना?" सारखे दिसतात! माझ्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो शेजारचा टायरवाला दार लावून घेईपर्यंत थांबला नाही. परत पाठवा, परत वाट बघा. मधल्या काळात व्यायामशाळेच्या बाईंचा फोन, "आजोबा येणार आहेत का? त्यांची वेळ मी किती दिवस राखून ठेवू?" मी म्हटलं, येणार, येणार. बाबा आपले खिडकीशी खुर्चीत. पोटऱ्या बघता बघता काठीसारख्या होत चाललेल्या, आणि मी पार्सलवाल्याची वाट बघतेय.

शेवटी बरोबर किट आलं. मी गाडी लिफ्टवर घेतली, लाल तेल सोडलं, गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन उतरवला आणि वॉल्व्ह बॉडी काढून घरात आणली. बाबांच्या पुढ्यात टेबल ओढलं, जुनी चादर घातली.

"आतलं तुम्ही करा," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा तुमचा हात साफ आहे."

खरं सांगायचं तर मला त्यांचा हात नको होता, त्यांचा चेहरा हवा होता. तीन महिने तो माणूस भिंतीकडे बघत होता. म्हटलं, कामाचा वास आला की जरा माणसात येतील. आणि आलेही! चष्मा पुसला, बाह्या सरसावल्या, मला म्हणाले, "कागद वाच."

मी मोठ्यानं वाचला. आत सात छर्रे असतात, वाटाण्याएवढे, पोलादाचे. तेलाच्या वाटेत दाराचं काम करतात. किटचा कागद सांगत होता की सहाच परत बसवा, तिसऱ्या गिअरच्या वाटेवरचा सातवा काढून टाका. तो राहिला तर तेल आधी अडेल, मग एकदम सुटेल. दणका पूर्वीपेक्षा जास्त.

"कळलं का बाबा? सहा."

"बहिरा नाही मी. पाय गेलेत, कान नाही."

मी पॅन धुवायला मागे गेले. परत आले तोवर त्यांनी पत्रा घालून सगळं बंद केलं होतं, बोल्ट क्रमानं आवळले होते आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका ठेवला होता. ट्रेमध्ये एक छर्रा उरलेला. म्हणजे हिशोब चोख.

हा ठिपका म्हणजे आमच्या गॅरेजचा कायदा. ज्यानं वॉल्व्ह बॉडी बंद केली त्यानं ठिपका ठेवायचा, आणि ठिपका पडला की दुसऱ्यानं उघडायची नाही. एकदा नवऱ्यानं माझा ठिपका खरवडला होता, तर बाबांनी त्याला, स्वतःच्या मुलाला, आठवडाभर गॅरेजमध्ये पाऊल टाकू दिलं नव्हतं.

बसवली. तेल भरलं. एकटीच चक्कर मारायला निघाले. पहिला, दुसरा मस्त. तिसरा... धडाम्! माझे दात वाजले. आरशाला लावलेली किल्ली खाली पडली. इतका दणका तर आधीही नव्हता.

मग जे सुरू झालं त्याला छळ म्हणतात. तेल कमी पडलं असेल म्हणून तेल तपासलं. बरोबर होतं. केबल ताणून पाहिली, सैल करून पाहिली. इंजिनाखालचे रबर बदलले. थंड गाडी चालवली, तापवून चालवली. धडाम्. दुसऱ्या दिवशी धडाम्. चौथ्या दिवशीही धडाम्. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. दिरांना म्हटलं, "तुम्ही परत चुकीचं किट आणलंत."

"वहिनी, या वेळी तुम्हीच नंबर लिहून दिलात!"

"मग कंपनीनं पाकिटात भलत्या स्प्रिंगा घातल्या असतील!"

"मी तेव्हाच म्हणत होतो कडक घेऊ..."

"कडक घेतलं असतं तर आज बाबांचा मणका डिकीत सापडला असता!"

आम्ही दोघं इतके तावातावानं भांडलो की समोरचं गिऱ्हाईक न बोलता निघून गेलं. संध्याकाळी बाबांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "जुना गिअरबॉक्स आहे गं. काही काही दुखणी नाही जात. सोडून दे."

सोडून दे! ज्या माणसानं मला एका थेंबाएवढ्या गळतीसाठी तीनदा गिअरबॉक्स उतरवायला लावला होता, तो म्हणतोय सोडून दे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्यावर नव्हे, स्वतःवरच. मला वाटलं, पंचवीस वर्षं शिकून मी या माणसासाठी एक गिअर नीट टाकू शकत नाही. न्हाणीघरात जाऊन रडले, तोंड धुतलं, बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामशाळेच्या बाईंचा पुन्हा फोन आला. म्हणाल्या, "सोमवारी नाही आले तर ती वेळ मला दुसऱ्यांना द्यावी लागेल. आणि ताई, अजून उशीर झाला तर मग आणून फारसा उपयोगही नाही." मी फोन ठेवला आणि गाडी लिफ्टवर चढवली. सगळं तपासून झालं होतं. न तपासलेली एकच जागा राहिली होती, त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आत.

पहिल्या बोल्टावर पाना लावला तेव्हा दीर दारातून म्हणाले, "वहिनी, बाबांना कळलं तर?" मी म्हटलं, "कळू दे." आणि उघडलं.

आत सात छर्रे होते.

मी मोजले. परत मोजले. सात. तिसऱ्या गिअरच्या वाटेवर तो सातवा ऐटीत बसलेला. आधी मला हसूच आलं, म्हटलं, म्हातारा विसरला की. हाताला सवय सात बसवायची, बसवले. मग घरातून आणलेल्या ट्रेकडे लक्ष गेलं. ट्रेमध्ये अजून तो एक उरलेला होता.

सात होते. सातही आत आहेत. मग हा आठवा कुठून आला?

उचलून बघितला. किंचित लहान होता, थोडा गंजलेला. आमच्याकडे बाबांच्या उशाशी एक डबा असतो, त्यात जन्मभराचे नट, वायसर, छर्रे. हा माणूस विसरला नव्हता. त्यानं सातवा मुद्दाम आत ठेवला होता आणि मला शंका येऊ नये म्हणून डब्यातला एक ट्रेमध्ये टाकला होता. वर ठिपके ठेवले होते, कारण त्यांना माहीत होतं की मी ते कधी मोडणार नाही.

मी तशीच तेलकट हातांनी घरात गेले. सातवा आणि आठवा, दोन्ही छर्रे त्यांच्या समोर टेबलावर ठेवले.

"आत सात होते, बाबा. बाहेर एक."

ते छर्र्यांकडे बघत राहिले. "ठिपका मोडलास?"

"मोडला! आणि तुम्ही काय मोडलंत? मी आठवडाभर त्या गाडीखाली लोळतेय, भाऊजींना नाही नाही ते बोलले, स्वतःला मूर्ख समजून बसले, आणि तुम्ही इथे खिडकीत बसून ऐकत होतात? पाय जातील तुमचे, कळतंय का? कायमचे जातील! कशासाठी हे?"

माझा आवाज चढत चढत फाटला. बाबांनी चष्मा काढला, परत घातला.

"व्यायामाला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा," ते म्हणाले, "त्या दोन दांड्यांच्या मधे उभं केलं मला. चार पावलं टाकली. मग पडलो. आणि..." ते थांबले. "पँट ओली झाली. सगळे बघत होते. आपलं एक जुनं गिऱ्हाईकसुद्धा होतं तिथे. एका पोरीनं मला पुसलं, कपडे बदलले. नातीच्या वयाची पोरगी. मी तुला हाका मारल्या."

"मी..."

"तू नव्हतीस."

नव्हतेच मी. त्यांना दारात सोडून मी गाडी फिरवायला गेले होते. दणका नेमका कितव्या वेगाला येतो ते बघत रस्त्यावरून चकरा मारत होते. परत आले तेव्हा ते बाकावर बसले होते, अंगावर दुसरीच पँट. तेव्हा मला ती पँटसुद्धा दिसली नव्हती. येताना सगळ्या वाटेवर मी त्यांना गिअरबॉक्सबद्दलच सांगत होते.

सगळा राग कुठे गेला कळलं नाही. गेला असंही नाही म्हणता येणार, फक्त त्याला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत मी वॉल्व्ह बॉडी बंद करते," मी म्हटलं. "सहा छर्रे. दणका जाईल. सोमवारी आपण जायचं."

"हं."

"मी आत येईन. शेवटपर्यंत तिथेच उभी राहीन. पडलात तर मी उचलेन, पुसायचं झालं तर मी पुसेन."

"तू नको," ते चटकन म्हणाले. सून मी त्यांची.

बाहेर दीर लिफ्टखाली काहीतरी खुडबुडत होते. बाबा हातांनी गुडघे चोळत होते, बराच वेळ.

"नाहीतर," ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तूच."