जपून ठेवलेली तार

ठाण्याच्या खाडीवर एका कंपनीचं दगड भरण्याचं बंदर होतं आणि तिथं उत्तमराव कर्णिक स्टोअरकीपर होते. कोठीतली वस्तू कामासाठी बाहेर द्यायची असते, हे त्यांना तत्त्वतः मान्य होतं. पण प्रत्यक्षात कुणी पहार मागायला आला, की ते त्याच्याकडे त्यानं पोटची पोर मागितल्यासारखं बघत. जुनी नाही का चालणार, असं आधी विचारत. मग जुनी आणून दाखव म्हणत. मग ती लोहाराकडून सरळ करून घ्यायला सांगत. एवढ्यात मागणाऱ्याची सुट्टी होऊन जाई आणि नवी पहार वाचे.

माणूस लबाड नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. वीस वर्षांत कंपनीचा एक खिळासुद्धा त्यांच्या घरी गेला नव्हता. उलट घरचीच चिंधी पुसायला कोठीत यायची. त्यांच्या कोठीत सगळं नवंकोरं होतं आणि धक्क्यावर सगळं मोडकं होतं. कंपनीच्या कमिटीला याचं फार कौतुक वाटे.

१८९७ साली या बंदरावर विलायतेहून विजेची यारी, म्हणजे ओझी उचलणारी क्रेन, आली. आधी पारसिकच्या डोंगरातला दगड हमाल डोक्यावरून गलबतात भरत. आता हे लोखंडी धूड धक्क्यावरच्या रुळांवरून दोनशे पावलं पुढं-मागं फिरायचं आणि दगड उचलायचं. कोपऱ्यातल्या इंजिनघरात वीज तयार होई आणि लांबलचक काळ्या तारेतून यारीपर्यंत पोचे. ज्या साहेबानं ही मांडणी केली त्यानं रुळांचा विचार केला होता, इंजिनाचा केला होता, कंपनीचं नाव कोरलेल्या पितळी पाटीचा तर फारच केला होता. तारेचा विचार करायचा तेवढा राहून गेला. आलेली तार भिंतीला ठोकून ठेवण्याच्या जातीची होती. यारीमागून दिवसभर फरफटल्यावर महिन्याभरात ती सात ठिकाणी उकलली.

यारी चालवायचा गिल्बर्ट. खाडीकाठच्या ख्रिस्ती वस्तीतला, कोळ्याचा मुलगा, बोलायला कमी आणि कामाला चोख. उकलली तिथं तो डांबराची पट्टी गुंडाळी. काळुराम नावाचा हमाल बांबूच्या आकड्यात तार उचलून धरून यारीमागून चाले, नवरीचा शेला सावरणाऱ्या करवलीसारखा. आषाढात एकदा ओल्या धक्क्यावर त्या तारेनं यारीच्या लोखंडाला चाटून गिल्बर्टला असा हिसका दिला, की संध्याकाळपर्यंत त्याला धड बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ज्युलियाना कोठीच्या दारात येऊन उभी राहिली. रडली नाही, भांडलीही नाही.

"भाऊसाहेब, त्याला ह्ये काम आवडतं म्हणून मी काय बोलत नाय," ती म्हणाली. "पन तो घरी आला की मी आदी त्याचं हात बगते. नवी तार मिलंल काय?"

उत्तमरावांना गलबलून आलं. "मिळेल. मी शब्द देतो," ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

शब्दाला ते जागले, ही यातली कौतुकाची गोष्ट. त्यांनी गिल्बर्टला बसवून विचारलं, की बाबा, तार कशी हवी ते सांग. दिवसातून दोनशे वेळा वाकली पाहिजे आणि तरी तुटता कामा नये, एवढंच गिल्बर्टनं सांगितलं. उत्तमरावांनी मुंबईच्या एजंटाकडून तीन नमुने मागवले आणि कमिटी बसली. अध्यक्ष रावबहादूर टिपणीस, निवृत्त मामलेदार. टिकाऊ वस्तू हातात घेतली की हात खाली गेला पाहिजे, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी तार, भांडी आणि जावई या तिन्ही बाबतींत पाळलं होतं. पहिला नमुना शिशाच्या कवचाचा, जडशीळ. तो त्यांनी ताबडतोब पसंत केला. लाकडाचे व्यापारी असलेल्या एका सभासदानं तिन्ही नमुने फरशीवर आपटून आवाज ऐकला. तिसऱ्या नमुन्यानं आवाजच केला नाही, म्हणून तो बाद ठरवला. तार कशासाठी हवी हे कुणी विचारलं नाही, आणि तार वाकवून तर कुणीच पाहिली नाही. चांगली वस्तू मुद्दाम कोण वाकवतं?

उत्तमरावांनी नमुने घरी नेले. झोक्यागणिक वाकतील असे माजघरातल्या झोपाळ्याच्या कड्यांना बांधले आणि आठ दिवस घरातलं प्रत्येक माणूस आळीपाळीनं झोके घेऊ लागलं. त्यांची बायको गोदाबाई तांदूळसुद्धा झोपाळ्यावर बसून निवडी. पहिला नमुना दुसऱ्या दिवशी तुटला, दुसरा पाचव्या दिवशी. तिसरा आठव्या दिवशीही होता तसाच होता. आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांचा पीळ, त्यावर रबर, त्यावर सुताची वीण. उत्तमरावांनी तुटके तुकडे कमिटीपुढं ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा रावबहादुरांशी वाद घातला. झोपाळ्याची साक्ष काढणारा माणूस रावबहादुरांनी मामलेदारीतही पाहिला नव्हता. त्या आश्चर्याच्या भरात त्यांनी तिसऱ्या नमुन्यावर सही केली.

दसऱ्याला तार आली. लाकडी रिळावर नीट गुंडाळलेली, काळीभोर, सहाशे फूट. उत्तमरावांनी वीतभर उलगडून बोटांत वाकवली. ती अशी मऊपणे वाकली, की त्यांचा जीवच तिच्यावर जडला. मग त्यांनी दाराबाहेर पाहिलं. धक्क्यावर दगडाच्या धारदार कपच्या, खारा चिखल, पानाच्या पिचकाऱ्या. यात ही तार टाकायची?

आज दसरा आहे, आज हत्यारांची नुसती पूजा करायची, ते गिल्बर्टला म्हणाले. पुढच्या आठवड्यात लावू.

पुढच्या आठवड्यात धक्का झाडून घ्यायचं निघालं. मग पुन्हा प्लेग आला, निम्मे हमाल गावी पळाले आणि यारी दिवसातून चार फेऱ्या करू लागली. चार फेऱ्यांसाठी नवी तार कशाला काढायची? मग पावसाळा. नवी वस्तू पावसात काढणं उत्तमरावांच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. पावसाळा सरला तेव्हा विलायतेहून मोठे साहेब पाहणीला येणार अशी बातमी आली आणि उत्तमरावांना हायसं वाटलं. साहेबांच्या समोर नवी तार लावायची. पाहुण्यांसाठी काही ठेवायला नको?

गिल्बर्ट दर सोमवारी विचारायला येई. जुन्या तारेवर आता तारेपेक्षा पट्ट्याच जास्त झाल्या होत्या.

"भाऊसाहेब, ती वापराला आनलीय ना?" त्यानं एकदा विचारलं.

"अरे, तुझ्यासाठीच जपतोय ना मी," उत्तमराव म्हणाले, आणि त्यांना स्वतःला त्यात काही खोट दिसली नाही. बाजारात ज्युलियाना भेटली आणि तार आली का म्हणाली, तेव्हाही त्यांनी आनंदानं सांगितलं, आली, फार उत्तम आली आहे. ती टोपली उचलून निघून गेली. अशा वेळी गरिबांनी काय बोलायचं असतं, हे कुणी त्यांना शिकवलेलं नसतं.

जपणुकीत मात्र काही कमी नव्हतं. तारेला गोदाबाईंच्या जुन्या लुगड्याचा अभ्रा झाला. आणि दर शनिवारी उत्तमराव रीळ उघडून तारेला बोटांनी तेल चोळत. घरचं, घाण्यावरचं खोबरेल. एजंटाच्या कागदात तेलापासून दूर ठेवा असं इंग्रजीत छापलं होतं आणि उत्तमरावांनी ते वाचलंही होतं. पण ते इंजिनाचं तेल असणार. आपलं खोबरेल बाळाच्या टाळूला चालतं, ते तारेला न चालायला काय झालं?

गोदाबाईंनी एकदा वाटीत तेल ओतता ओतता म्हटलं, "माझा शालू तुम्ही असाच जपायला लावलात. बारा वर्षांत दोनदा नेसले. परवा उलगडला तर घडीघडीवर चिरलेला." उत्तमरावांनी हळहळून विचारलं, की मधे डांबराच्या गोळ्या ठेवल्या नव्हत्या का? गोदाबाई वाटी त्यांच्यापुढं ठेवून आत गेल्या.

चैत्रात मोठ्या साहेबांचा दिवस ठरला. त्याच्या तीन दिवस आधी, भर दुपारी, यारीला मोठा दगड टांगलेला असताना जुन्या तारेची एक पट्टी सुटली. गिल्बर्टचा हात लोखंडी दांड्यावर होता. विजेच्या हिसक्यानं तो बारा फुटांवरून खाली दगडांवर पडला. जीव वाचला, पण उजवा हात खांद्यापासून गेला तो गेलाच. पुढं तो नुसता अंगाला लटकत राहिला.

उत्तमराव धावत गेले, त्याला खाटल्यावर घालून नेताना पाहिलं आणि तसेच कोठीत परतले. कुलूप उघडलं. काढा ती तार, आत्ताच्या आत्ता लावा, ते काळुरामला म्हणाले. काळुरामनं अभ्रा सोडला आणि तार धरून ओढली. सुताची वीण त्याच्या मुठीत चिंब आली आणि खालचं रबर फुगून, चिकट होऊन काकवीसारखं बोटांना लागलं. ठिकठिकाणी तांबं उघडं पडलं होतं. दीड वर्ष तेल पिऊन तार आतून कुजली होती. एक दिवस काम केलं नव्हतं तिनं.

कमिटी बसली. साहेबांची पाहणी अपघातामुळं पुढं ढकलली गेली होती. मऊ वस्तू टिकत नाही हे आपण आधीच म्हटलं होतं, असं रावबहादूर म्हणाले. न वापरता ही गत, तर वापरली असती तर काय झालं असतं, या त्यांच्या प्रश्नावर सगळ्यांनी माना डोलावल्या. दोष एजंटाचा ठरला. उत्तमरावांनी मालाची जी काळजी घेतली तिच्याबद्दल त्यांचं अभिनंदन करायचंही ठरत होतं. ते गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं.

"तार चांगली होती," उत्तमराव उभे राहून म्हणाले. "मी तिला तेल लावलं. आणि कामाला दिली नाही. त्या पोराचा हात माझ्यामुळं गेला."

 मग रावबहादुरांनी त्यांना प्रेमानं खाली बसवलं. तेलानं वस्तू बिघडते हे कमिटीला काही केल्या पटेना. मनावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या, असं ठरलं. तेलात भेसळ असावी, यापुढं शुद्ध तेल वापरावं, असा ठराव झाला. गिऱ्हाईक तुटायच्या भीतीनं एजंटानं तशीच दुसरी तार फुकट पाठवायचं कबूल केलं, आणि ती अधिक बंदोबस्तात ठेवावी म्हणून कोठीवर एक पहारेकरी नेमायचं ठरलं. दयाबुद्धीनं ती जागा गिल्बर्टला मिळाली. यारीवर त्याचा धाकटा भाऊ कॉस्मास आला, त्याच जुन्या, नव्यानं पट्ट्या मारलेल्या तारेवर.

ज्येष्ठात एका सकाळी बैलगाडी नवं रीळ घेऊन कोठीपुढं थांबली. गिल्बर्ट डाव्या हातात काठी घेऊन दाराशी उभा होता. त्यानं काठी भिंतीला टेकवून कुलूप उघडायला हात पुढं केला. उत्तमरावांनी गाडीवानाला सांगितलं, की कोठीत नाही, धक्क्यावर चल.

रीळ उतरल्यावर त्यांनी कोट काढून ठेवला, तारेचं टोक खांद्यावर घेतलं आणि स्वतः ओढत निघाले. तार कपच्यांवरून खरडत, चिखलातून लोळत त्यांच्यामागं येऊ लागली. प्रत्येक खरडीचा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू येत होता आणि तरी ते थांबले नाहीत. काळुराम बांबू घेऊन धावला आणि म्हणाला, की भाऊसाहेब, जपून, खरचटंल. खरचटू दे, म्हणून उत्तमराव ओढतच राहिले.

तासाभरात कॉस्मासनं जोडणी केली. यारी चालली, दोनशे पावलं गेली, परत आली. मागं चिखलानं माखलेली तार वळत होती, सुटत होती, पुन्हा वळत होती. उत्तमराव घामानं निथळत गिल्बर्टशेजारी येऊन उभे राहिले. 

गिल्बर्ट तारेकडं बघत होता. कामाच्या माणसाला चांगलं हत्यार बघून होतो तसा साधा आनंद त्याच्या तोंडावर होता.

"चांगली वाकते, भाऊसाहेब," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "आदीची पन अशीच व्हती काय?"

"अशीच होती," उत्तमराव म्हणाले, आणि त्यांना त्याच्याकडं बघवेना.