बुडबुडा मधोमध

काटकोनला खरं नाव होतं, पण ते न वापरल्यामुळे गंजून गेलं होतं. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. परक्याच्या घरी भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली की चहा बाजूला ठेवून खुर्चीवर चढायचा. एकदा सलाईन लावलेल्या अवस्थेत त्याने दवाखान्याचा पडदा सरळ केला होता आणि सलाईनचा खांब कललाय म्हणून नर्सशी हुज्जत घातली होती. अशा माणसाच्या बायकोने त्या दिवशी जेवताना जाहीर केलं, की आज गाडी सपाट उभी राहिली नाही तर ती चारच्या बसने बहिणीकडे निघून जाणार. कायमची.

"बहीण वाकडी आहे," ती म्हणाली, "पण तिची खाट सपाट आहे."

निवृत्तीनंतर दोघांनी हे चाकांवरचं घर घेतलं होतं. चालवायची ती, कारण तिची हयात रुग्णवाहिका चालवण्यात गेली होती. आतलं लाकूडकाम त्याचं, टेबलासकट. जाईल तिथे चाकांखाली ठोकळे सारून गाडी समतल करण्याचं खातंही त्याच्याकडेच. तो टेबलावर पाणसळ ठेवायचा, काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत ठोकळे बदलायचा, आणि मगच बायकोला खाली उतरायची परवानगी मिळायची. असं वर्षभर चाललं होतं. आणि वर्षभर आम्लेट एका बाजूला पुरीसारखं फुगत होतं, दुसऱ्या बाजूला कागद होत होतं. न्हाणीचं दार आपोआप उघडायचं, तेही नेमकं नको तेव्हा. रात्री ती डाव्या कडेला झोपायची आणि सकाळी उजव्या कडेला, काटकोनच्या बरगड्यांत उठायची.

आजची जागा म्हणजे उताराला दिलेलं गोड नाव होतं. काटकोनने बाह्या सरसावल्या. आज बुडबुड्याला जागचं हलू द्यायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं.

"घे पुढे! अजून! बास! जरा मागे! एवढं नको गं!"

"अहो, रुग्णवाहिका चालवलीय मी, शिवणयंत्र नाही!"

शेवटचा हात फिरवायला त्याच्या पिशवीत बोटभर जाडीच्या दोन लाकडी चकत्या होत्या, टणक आणि गुळगुळीत. त्या डाव्या चाकाच्या ठोकळ्याखाली सरकवल्या की काम फत्ते व्हायचं. आजही झालं. तो टेबलापाशी धावला. बुडबुडा मधोमध, अगदी शहाण्या मुलासारखा.

"ये, बघ!"

तिने बघितलं नाही. फ्रीजमधून एक वाटाणा काढला आणि गाडीच्या फरशीवर ठेवला. वाटाणा क्षणभर विचारात पडला, मग उजवीकडे गडगडत पलंगाखाली गेला.

काटकोनने तो रांगत जाऊन आणला आणि टेबलावर ठेवला. वाटाणा हलला नाही.

"बघ! थांबला की नाही?"

"मग मी टेबलावर झोपू?"

शेजारच्या तंबूतून एक दाताचे डॉक्टर दात कोरत आले. "काका, काही अडचण?"

"वाटाणा गोल नाही," काटकोन म्हणाला. त्याने पाकीट फोडून सगळे वाटाणे एकेक करून पारखले. वाटाणे निर्दोष निघाले. मग संशय पाणसळीवर गेला. ती उलटी धरली, सुलटी धरली. तीही खरं बोलत होती. मग त्याने बायकोला विचारलं, की ती वर्षभर गाडीत एकाच बाजूला उभी राहते का. हा प्रश्न विचारायला नको होता, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. डॉक्टरांनाही कळलं. ते तंबूत गेले आणि त्यांनी चेन लावून घेतली.

ती बॅग घेऊन खाली उतरली. काटकोन चाकाशी पालथा पडून चकत्या ओढत होता. "नव्याने सुरुवात करतो. आज नाही जमलं तर नावाचा सुतार नाही!" एक चकती निसटून तिच्या पायाशी आली.

तिने ती उचलली. कडेला तांबूस पॉलिश होतं, चाकाने घासून फिकं पडलेलं. तिने बॅग खाली ठेवली, आत गेली आणि चकती टेबलाच्या डाव्या पायाशी धरली. रंग तोच, गोलाई तीच. मग उजवा पाय पाहिला. तो डाव्यापेक्षा बरोबर चकतीएवढा लांब होता.

"अहो काटकोन," ती दारातून अगदी गोड आवाजात म्हणाली, "पहिल्या मुक्कामाला काय केलं होतं, आठवतंय?"

आठवत होतं. तेव्हा ठोकळे नव्हते, भूक मात्र होती, आणि सूप ताटलीतून कलंडत होतं. काटकोनने करवत काढली, टेबलाचे डावे दोन पाय कापले, आणि सूप शांत झालं. लाकूड फेकायचं नाही, म्हणून तुकडे पिशवीत गेले. मग त्याने ठोकळे बनवले आणि करवतीचा विसर पडला. तेव्हापासून जगातली प्रत्येक जागा तो मोठ्या जिद्दीने त्या पहिल्या उतारासारखी करत आला होता.

"वर्षभर मी गडगडत तुमच्या अंगावर येत होते," ती म्हणाली.

"मला वाटायचं..."

"काय वाटायचं?"

"काही नाही. प्रेम."

फाटकाशी बसचा हॉर्न वाजला. काटकोनने बसकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं, तिच्या हातातली चकती घेतली, आणि दोन्ही चकत्या खिशात कोंबून पाणसळ उचलली. या वेळी ती थेट फरशीवर ठेवली. "एकदाच. मागे घे. डावा ठोकळा बदलायचाय."

"आणि बस?"

"तुझ्याशिवाय गाडी हलणार कशी? मला चालवता येत नाही."

हे खरं होतं. ती पुटपुटत स्टिअरिंगवर बसली. बस पुन्हा ओरडली. तिने आरशात पाहून गाडी मागे घेतली आणि उलट रुग्णवाहिकेच्या थाटात असा हॉर्न दिला, की बसवाल्याने सवयीने रस्ता मोकळा केला आणि निघून गेला.

तिने आत येऊन फरशीवर वाटाणा ठेवला. दोघं श्वास रोखून उकिडवे बसले. वाटाणा थांबला. न्हाणीचं दारही थांबलं. काटकोनने चकत्या टेबलाच्या डाव्या पायांखाली सारल्या. तिने बॅगेतून उशी काढली आणि पलंगाच्या डाव्या कडेला ठेवली.

मग त्याने पाणसळ पाहिली. बुडबुडा केसभर उजवीकडे होता. डाव्या ठोकळ्याखाली एक चकती सरकवली असती तर... त्याचा हात टेबलाच्या पायाकडे निघाला.

"हात मागे," ती म्हणाली.

हात मागे गेला. काटकोनने खिशातून रुमाल काढला, पाणसळीवर टाकला आणि तोंड फिरवून बसला. ती आम्लेटसाठी अंडी फोडू लागली. तिची पाठ वळली तसा त्याने हळूच हात लांब केला आणि रुमाल सरळ केला.